सी ड्राइव्ह आपोआप भरतोय? जागा खाणाऱ्या मालवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री चाळीस जीबी रिकामे होते आणि सकाळी कॉम्प्युटर लावला तर सी ड्राइव्हची पट्टी लाल. अशी तक्रार घेऊन आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं. कधी सेवा केंद्रवाले, कधी फ्लेक्स डिझाइन करणारे, कधी बारावीच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉप घेतलेली मुलं. खालचे प्रश्न त्यांनी विचारलेले आहेत, शक्य तिथे त्यांच्याच शब्दांत. मालवेअर म्हणजे व्हायरससकट सगळे त्रासदायक प्रोग्राम. उत्तरं मुख्यतः विंडोज 10 आणि 11 साठी आहेत. जिथे कमांड टाइप करायची आहे, तिथे ती फोनवर सांगतो तशी एकेक अक्षर करून दिली आहे.

मी काहीच डाउनलोड केलं नाही, तरी सी ड्राइव्ह भरला. म्हणजे व्हायरसच ना?

बहुतेक वेळा नाही. माझ्यासमोर येणाऱ्या अशा कॉम्प्युटरांत जागा खाणारा सहसा विंडोजचाच एखादा कोपरा निघतो. विंडोजचं मोठं अपडेट झालं की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. ती साधारण दहा दिवसांनी आपोआप जाते, पण तेवढे दिवस ती वीस-पंचवीस जीबी अडवून बसू शकते. कॉम्प्युटर हायबरनेट करण्यासाठी, म्हणजे उघडी कामं डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्यासाठी, ‘हायबरफिल’ नावाची लपलेली फाइल असते आणि तिचा आकार रॅमच्या सुमारे 40 टक्के असतो, म्हणजे 16 जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. शिवाय रॅम कमी पडली की वापरायची ‘पेजफाइल’, सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी, अर्धवट डाउनलोड झालेली अपडेट्स हे सगळं आहेच.

विंडोज 7 वर एक विचित्र प्रकार खूप दिसायचा. अपडेटच्या नोंदींची एक लॉग फाइल दोन जीबीच्या पुढे गेली की ती दाबून छोटी करण्याचा प्रयत्न फसायचा, आणि दर फसलेल्या प्रयत्नाची ‘कॅब’ नावाने सुरू होणारी फाइल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये मागे राहायची. एकेक फाइल शंभर एमबीच्या आसपास. महिनाभरात पूर्ण ड्राइव्ह गिळला जायचा. लोक अँटिव्हायरसवर अँटिव्हायरस बदलायचे आणि व्हायरस मात्र त्यात कुठेच नसायचा.

आणखी एक सांगून ठेवतो. 128 जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोजमध्ये 119 दिसते, म्हणून कुणीतरी नऊ जीबी चोरले असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. 1 टीबीची डिस्क याच हिशेबाने 931 जीबी दिसते.

मग नक्की कोण भरतंय हे कसं शोधायचं?

आधी काहीही डिलीट करू नका. घरात पाणी साचलं तर आपण आधी नळ कुठला गळतोय ते बघतो, तसंच हे.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे गेलात तर ढोबळ वाटणी दिसते. ॲप्स किती, टेम्पररी फाइल्स किती, बाकी किती. पण खरा उलगडा होतो तो ‘विनडर्स्टॅट’ किंवा ‘विझट्री’ अशा छोट्या प्रोग्रामने. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत, त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. ते अख्खा ड्राइव्ह चाळून कुठला फोल्डर किती जागा घेतो ते मोठ्याकडून लहानाकडे लावून दाखवतात. पाच मिनिटांत बोट ठेवता येतं. प्रोग्राम उघडताना राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायला विसरू नका, नाहीतर सिस्टिमचे बंद फोल्डर त्याला दिसणारच नाहीत आणि बेरीज जुळणार नाही.

आता सापडलेल्या फोल्डरकडे संशयाने बघायचं कधी? नाव अर्थहीन अक्षरांचं असेल, जागा तुमच्या यूजर फोल्डरमधल्या ‘ॲपडेटा’च्या किंवा ‘प्रोग्रॅमडेटा’च्या पोटात असेल, आत एकाच आकाराच्या शेकडो फाइल्स किंवा स्क्रीनचे फोटो असतील, आणि डिलीट केल्यावर तासाभरात ते पुन्हा उगवत असेल, तर मामला व्हायरसचा असू शकतो.

माझ्या डोळ्यांसमोर जागा कमी होतेय. दर मिनिटाला शंभर-दोनशे एमबी!

असं असेल तर चोर रंगेहाथ पकडता येतो. स्टार्टमध्ये आर-ई-एस-एम-ओ-एन टाइप करा. रिसोर्स मॉनिटर उघडेल. ‘डिस्क’ या टॅबवर जा आणि ‘राइट’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. सगळ्यात जास्त लिहिणारा प्रोग्राम वर येईल आणि तो कुठल्या फाइलमध्ये लिहितोय तेही शेजारी दिसेल.

प्रोग्रामचं नाव ओळखीचं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मालवेअर विंडोजच्याच प्रोग्रामांची नावं घेऊन वावरतं. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचा खरा प्रोग्राम आहे आणि तो विंडोजच्या सिस्टिम 32 फोल्डरमध्ये राहतो. त्याच नावाची फाइल ॲपडेटामधून चालत असेल तर तो बहुरूपी आहे. इंटरनेट लगेच बंद करा आणि खाली स्कॅनबद्दल सांगितलं आहे ते करा.

जागा खाणारं मालवेअर खरंच असतं का? डिस्क भरून कुणाला काय मिळतं?

असतं. पण निव्वळ डिस्क भरण्यासाठी लिहिलेलं फार थोडं. पैसे कमवणाऱ्या गुन्हेगाराला तुमचा कॉम्प्युटर चालू आणि तुम्ही बेसावध हवे असतात. म्हणून बहुतेकदा जागा भरणं हा दुसऱ्या कामाचा सांडलेला पसारा असतो.

जुनं उदाहरण जेरुसलेम व्हायरसचं. 1987 साली जेरुसलेममध्ये सापडला म्हणून हे नाव. तो प्रोग्रामच्या फाइलला स्वतःचे सुमारे 1800 बाइट चिकटवायचा. ही फाइल आपण आधीच बाधित केली आहे का, हे ईएक्सई, म्हणजे क्लिक केल्यावर चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलींच्या बाबतीत तपासण्यात त्याच्या लेखकाकडून चूक झाली होती. त्यामुळे तोच प्रोग्राम दर वेळी चालवला की पुन्हा 1800 बाइट चिकटायचे, आणि फुगत फुगत शेवटी तो मेमरीत मावेनासा व्हायचा. शुक्रवारी 13 तारीख आली की हा व्हायरस प्रोग्राम पुसायचा, पण बऱ्याच लोकांना त्याचा पत्ता लागला तो या फुगण्यामुळे.

आपल्याकडच्या सायबर कॅफेंनी आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी पाहिलेला प्रकार वेगळा. प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच फोल्डरच्या नावाची, पिवळ्या फोल्डरचंच चित्र असलेली एक ईएक्सई फाइल. आपण फोल्डर समजून डबल क्लिक करायचो आणि व्हायरस चालू व्हायचा. 2005 मध्ये इंडोनेशियातून पसरलेला ब्रॉन्टॉक याच जातीचा. तो फोल्डर ऑप्शन्स आणि रजिस्ट्री एडिटरही बंद करून टाकायचा, म्हणजे तुम्ही शोधायला जाल त्या वाटेवरच कुलूप. एक प्रत लहान असली तरी हजारो फोल्डरांत हजारो प्रती झाल्या की त्या काळच्या 40 जीबीच्या डिस्कवर फरक पडायचा, आणि पेनड्राइव्हवर तर लगेच.

झिप बॉम्ब हा मुद्दाम जागा भरण्यासाठीच केलेला प्रकार. 42 केबीची एक प्रसिद्ध झिप फाइल आहे. तिच्या आत 16 झिप, त्या प्रत्येकीच्या आत आणखी 16, असे पाच थर. सगळ्यात आतल्या प्रत्येक झिपमध्ये सव्वाचार जीबीहून मोठी एकसारख्या मजकुराची फाइल. सगळं उलगडलं तर 4.5 पेटाबाइट, म्हणजे 4500 टीबी. हिचा मूळ रोख अँटिव्हायरसवर होता. तो थरामागून थर उलगडत बसला की गुदमरायचा. आजचे अँटिव्हायरस ठरावीक थरांनंतर थांबतात. 2019 मध्ये डेव्हिड फायफील्ड या संशोधकाने थरांशिवायही हे करता येतं हे दाखवलं, 10 एमबीच्या झिपमधून एकाच दमात 281 टीबी. घरच्या कॉम्प्युटरवर अशी फाइल सहसा येत नाही, आणि आली तरी न उलगडता डिलीट केली की काम संपलं.

वेबसाइटवरूनही हे शक्य होतं. ब्राउझर प्रत्येक साइटला तुमच्या डिस्कवर काही एमबी जागा देतो. 2013 मध्ये फेरॉस अबूखादिजे या तरुण प्रोग्रामरने दाखवून दिलं की एकाच साइटचे हजारो उपपत्ते केले तर क्रोम आणि सफारीसारखे ब्राउझर प्रत्येक उपपत्त्याला वेगळी जागा देतात आणि पानभर मांजरांची चित्रं बघता बघता डिस्क भरत जाते. त्याच्या लॅपटॉपवर दर 16 सेकंदांना एक जीबी. फायरफॉक्समध्ये मर्यादा नीट पाळलेली होती, म्हणून तो वाचला.

आणि सगळ्यात वाईट प्रकार रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा. मार्च 2019 मध्ये नॉर्वेतल्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर लॉकरगोगाचा हल्ला झाला. हे रॅन्समवेअर फाइल्सना कुलूप लावून झालं की विंडोजचंच ‘सायफर’ नावाचं साधन चालवतं. ते साधन डिस्कवरची रिकामी जागा निरुपयोगी माहितीने भरून काढतं, म्हणजे पुसलेल्या मूळ फाइल्स रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू नयेत. तुमच्या डिस्कवर फाइल्सची नावं बदलत आहेत आणि त्याच वेळी रिकामी जागा वेगाने संपतेय असं दिसलं, तर विचार करत बसू नका, सरळ बटण दाबून मशीन बंद करा.

चोरून नजर ठेवणारं मालवेअर राहिलं. दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढायचा, बटणांच्या नोंदी ठेवायच्या आणि मालकाकडे पाठवायच्या. पलीकडचा सर्व्हर बंद पडला की पाठवायचा माल तुमच्याच डिस्कवर साठत राहतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ग्राहकाच्या मशीनमध्ये मला असे हजारो फोटो सापडले होते, त्यात त्याच्या बँकेची पानंही होती. आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याचे सगळे पासवर्ड बदलले आणि मगच सफाईला हात घातला.

पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. आत काही दिसत नाही, पण जागा भरलेली दाखवतो.

तुमच्या फाइल्स बहुतेक जिथल्या तिथे आहेत. पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. कुणी ‘फॉरमॅट केल्याशिवाय चालणार नाही’ म्हणालं तरी करू नका.

हा व्हायरस तुमचे फोल्डर लपवतो, त्यांना सिस्टिमचा शिक्का मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बाहेर मांडतो. कधी सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचा फोल्डरही उघडतो, त्यामुळे काही बिघडलंय हे कळतसुद्धा नाही. ॲन्ड्रोमेडा किंवा गमारू या नावाच्या टोळीने हा मार्ग जगभर वापरला. नोव्हेंबर 2017 मध्ये युरोपोल आणि एफबीआयने मिळून तिचं जाळं उद्ध्वस्त केलं, पण पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रती अजून फिरताहेत.

क्रम असा ठेवा. आधी कॉम्प्युटर स्वच्छ करा, नाहीतर पेनड्राइव्ह पुन्हा बाधित होईल. मग पेनड्राइव्ह लावा, कुठल्याही शॉर्टकटवर क्लिक न करता त्याचं स्कॅन करा. त्यानंतर स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडा. पेनड्राइव्हचं अक्षर, समजा ई, आणि त्यापुढे कोलन लिहून एंटर मारा. खिडकीत ई आल्याची खात्री करा, कारण पुढची कमांड चुकून सी ड्राइव्हवर चालवायची नाही. आता लिहा: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, स्पेस, तारा टिंब तारा, स्पेस, तिरकी रेघ एस, स्पेस, तिरकी रेघ डी. एंटर. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. मोठा पेनड्राइव्ह असेल तर दोन-चार मिनिटं लागतील. लपलेले फोल्डर परत दिसायला लागले की शॉर्टकट डिलीट करा, आपला माल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि मग खुशाल फॉरमॅट करा.

पूर्वी पेनड्राइव्ह लावताक्षणीच व्हायरस आपोआप चालू व्हायचा. विंडोज 7 मध्ये ती सोय बंद झाली आणि फेब्रुवारी 2011 च्या अपडेटने एक्सपी व व्हिस्टावरही बंद केली गेली. आता त्याला तुमचं क्लिक लागतं. म्हणूनच शॉर्टकटचं सोंग.

सी ड्राइव्हमध्ये 0 बाइट उरलेत. अँटिव्हायरस अपडेटही होत नाही, स्कॅन अर्धवट थांबतं.

जागाच नाही म्हटल्यावर अँटिव्हायरस नव्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, ठेवणार कुठे? आधी दोन-तीन जीबीचा श्वास मोकळा करा. रिसायकल बिन रिकामा करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून टक्क्याची खूण, टी-ई-एम-पी, पुन्हा टक्क्याची खूण असं लिहा. जो फोल्डर उघडेल त्यातलं सगळं डिलीट करता येतं, जी फाइल वापरात आहे ती विंडोज सोडून देईल. डाउनलोड्समधले मोठे व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवा. तरी कमी पडलं तर सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, स्पेस, तिरकी रेघ एच, स्पेस, ओ-एफ-एफ. हायबरनेटची फाइल जाते आणि काही जीबी लगेच सुटतात. पुढे हवं असेल तर शेवटी ऑफच्या जागी ऑन लिहून ती सोय परत आणता येते.

मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि तिथे ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच, मालवेअर झोपेत असताना तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं. उघडी कामं आधी सेव्ह करा. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच स्कॅनवर आहे आणि ते प्रत्येक विंडोज 10 व 11 मध्ये फुकट आहे.

विंडोजच्या मूळ फोल्डरमध्ये, विशेषतः ‘विनएसएक्सएस’मध्ये, हाताने काही पुसू नका. तो मोठा दिसतो खरा, पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स दुसऱ्या जागी असलेल्या फाइल्सचीच दुसरी नावं असतात, त्यामुळे दिसते तेवढी जागा तो खात नसतो.

अँटिव्हायरस आहे तरी जागा भरते. असं कसं?

अँटिव्हायरसही कधी जागा खातो. मे 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका आवृत्तीत दोष होता. स्कॅनच्या इतिहासाच्या फोल्डरमध्ये तो हजारो-लाखो छोट्या फाइल्स करत सुटला आणि काहींच्या डिस्कवर त्यांचे कित्येक जीबी झाले. लगेचच्या दुरुस्तीने तो थांबला. त्या आठवड्यात ज्यांनी घाबरून विंडोज नव्याने टाकलं, त्यांना एक अपडेट पुरलं असतं.

दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर ठेवू नका. दोघं एकमेकांच्या फाइल्स तपासत बसतात आणि मशीन गोगलगाय होतं.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. मारू का?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर असाच भरला होता. ज्यांच्याकडे नेला त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला, संध्याकाळी चकचकीत मशीन परत दिलं. बहिणीच्या बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नाही. डी ड्राइव्हमधली गाणी तेवढी वाचली. मी हे काम शिकलो ते त्यानंतर. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘यातलं काय गेलं तर तुम्हाला झोप येणार नाही?’

तर, फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. फाइल्सना चिकटणारा व्हायरस खोल मुरला असेल, उदाहरणार्थ 2003 पासून फिरणारा सॅलिटी किंवा 2010 मधला रॅमनिट, तेव्हा मीही तोच करतो. कारण अशा वेळी शेकडो ईएक्सई एकेक करून दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाकणं खात्रीचं असतं. पण त्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर कुठे आहे ते टॅली उघडून बघा, अंदाजाने जाऊ नका. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. तुमचे मराठी फॉन्ट, कारण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका त्या फॉन्टशिवाय नुसती चिन्हं दिसते. डिजिटल सहीची फाइल असेल तर ती. आउटलुक वापरत असाल तर मेलची मोठी फाइल.

आणि हे उतरवताना फक्त कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ, डेटा घ्या. ईएक्सई, सेटअप, स्क्रीनसेव्हर, ‘गेम्स’ नावाचा जुना फोल्डर, यातलं काहीही नको. ‘दोनदा फॉरमॅट केला तरी व्हायरस परत येतो’ असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत जवळपास नेहमी हेच घडलेलं असतं. सी पुसला, पण डी ड्राइव्हमधले सेटअप तसेच राहिले. विंडोज टाकून झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी डीमधून जुनं सॉफ्टवेअर टाकायला गेले आणि पाहुणा परत घरात. नव्या विंडोजवर आधी डिफेंडर अपडेट करा, मग डी ड्राइव्हचं पूर्ण स्कॅन, मग बाकी सगळं.

क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही इथेच बोलतो. डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर छोट्या दुकानाला परवडत नाही, हे मला कळतं. पण क्रॅक चालवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण तो बंद करतो. बाकीचं काम मग त्या फाइलला सोपं जातं. इंकस्केप आणि जिम्प फुकट आहेत, युनिकोड मराठीत चालतात, आणि पत्रिका-बॅनरचं बरंचसं काम त्यांवर होतं.

जागा संपली आणि सगळ्या फाइल्सच्या नावापुढे भलतीच अक्षरं लागलीत. फोटो उघडत नाहीत.

हे रॅन्समवेअर आहे. वायफाय आणि केबल काढा, बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर तीही काढा. कुलूप लागलेल्या फाइल्स पुसू नका, त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या. आज उघडत नसल्या तरी किल्ल्या पुढे उपलब्ध होऊ शकतात.

क्रॅकबरोबर येणारं एसटीओपी किंवा डीजेव्हीयू नावाचं कुटुंब असेल, तर ते प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भागच कुलूपबंद करतं. त्यामुळे काही मोठे व्हिडिओ आणि झिप दुरुस्त होऊ शकतात. एम्सिसॉफ्टचं मोफत साधन या कुटुंबाची काही कुलपं उघडतं. ‘नो मोर रॅन्सम’ हा उपक्रम 2016 मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केला. तिथे एक बाधित फाइल चढवली की कुठलं रॅन्समवेअर आहे आणि त्यावर किल्ली आहे का, ते कळतं. खंडणी भरू नका. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच असं काही नाही.

बँकेतून पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची.

सरकारकडून काही मोफत मदत मिळते का?

मिळते. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी 2017 पासून चालू आहे. तिथे बॉट, म्हणजे तुमचं मशीन दुसऱ्याच्या हुकमाखाली चालवणारं मालवेअर, काढून टाकणारी मोफत साधनं मिळतात, ती भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांबरोबर तयार केलेली आहेत. त्यांतली क्विक हील पुण्याची आणि ई-स्कॅनची कंपनी मुंबईची. क्विक हीलचे कैलाश काटकर साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली, आणि धाकटे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांमधले व्हायरस काढायला छोटे प्रोग्राम लिहिले. पुढची कंपनी त्यातूनच उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटते.

दोन टीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत घेतला. थोडं टाकलं की फाइल्स खराब होतात. व्हायरस आहे का?

नाही, पेनड्राइव्ह खोटा आहे. आतली चिप बहुधा 16 किंवा 32 जीबीची आणि विंडोजला 2 टीबी सांगायला शिकवलेली. खरी जागा संपली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. ‘एच2टेस्टडब्ल्यू’ हा छोटा मोफत प्रोग्राम पूर्ण पेनड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरी जागा सांगतो. तपासायच्या आधी आतला माल काढून घ्या, आणि परत करायची मुदत असेल तर आजच परत करा.

मोबाइलचं स्टोरेज भरतंय, ‘क्लीन नाऊ’ असा इशारा येतो.

तो इशारा फोनच्या सेटिंग्जमधून आला असेल तर खरा. ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या ॲपवर उडी मारून आला असेल तर ती जाहिरात आहे, आणि ती सुचवेल ते क्लीनर ॲप टाकलं की खरा त्रास तिथून सुरू होतो. कॉम्प्युटरवरच्या ‘तुमच्या पीसीत 300 दोष सापडले’ छाप सॉफ्टवेअरलाही हेच लागू.

आपल्याकडच्या फोनांत जागा खाणारा पहिला संशयित व्हॉट्सॲप. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो, भजनांचे व्हिडिओ, सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आलेली तीच क्लिप. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. कुठल्या ग्रुपने किती जागा घेतली ते उतरत्या क्रमाने दिसतं.

ई-चलान, लग्नाचं निमंत्रण किंवा बँकेचं केवायसी या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप टाकायची फाइल, मात्र जागेसाठी नसते. तिला तुमचे ओटीपी वाचायचे असतात. टाकली गेली असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि प्ले स्टोअरमधलं ‘प्ले प्रोटेक्ट’ स्कॅन चालवा. ॲप निघत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी आधी काढा.

मॅकवर हे होत नाही ना?

होतं, फक्त कमी. तिथे बरेचदा कारण टाइम मशीनच्या स्थानिक प्रती हे असतं, आणि जागा लागली की मॅक त्या स्वतः काढून टाकतो.

विंडोज 7 आहे, चांगलं चालतंय. बदलायलाच हवं का?

विंडोज 7 ची मोफत सुरक्षा अपडेट्स 14 जानेवारी 2020 ला थांबली, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. हिशेबाचं जुनं मशीन बदलणं जमत नसेल तर त्याचं इंटरनेट काढा, मेल आणि ब्राउझिंग दुसऱ्या मशीनवर करा, आणि टॅलीचा बॅकअप आठवड्याला दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. त्यातली एक डिस्क दुकानात न ठेवता घरी.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह द्यायचा की नाही?

दिवसाला शंभर पेनड्राइव्ह ज्या मशीनला लागतात, ते मशीन स्वच्छ ठेवणं दुकानदारालाही अवघड असतं, त्याला दोष देऊ नका. प्रिंट काढायचा कागद पीडीएफ करून त्याच्या दुकानाच्या मेलवर पाठवता आला तर उत्तम. पेनड्राइव्हच न्यायचा असेल तर एक लहान, स्वस्त पेनड्राइव्ह फक्त याच कामाला ठेवा आणि त्यात तेवढी एकच पीडीएफ न्या. घरी आलात की त्यातलं काहीही न उघडता फॉरमॅट करा. फोटोंचा पेनड्राइव्ह कपाटातच राहू द्या.